म्यान कशाचे असावे?

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेली आहे. भांडण मिटले असे सांगावयाचे झाले म्हणजे आपण 'तलवार म्यान केली' असे म्हणतो. भाषेने म्यानाला एवढा मान दिला. इतिहासाने मात्र तो दिलेला नाही. तलवारींची नावे, त्यांच्या पात्यांची लांबी, त्यांनी पाहिलेल्या लढाया यांची वर्णने पुष्कळ सापडतात. पण ज्या कोषात ते पाते आयुष्याचा बहुतेक काळ पडून राहिले, तो कशाचा होता आणि कोणाच्या हातचा होता, याकडे इतिहासकाराचे सहसा लक्ष गेलेले नाही. या व्याख्यानात आम्ही तेवढाच विषय घेतला आहे.

विषय लहान आहे हे आम्ही आरंभीच मान्य करतो. आज एखादी सुरी वा कोयता म्यानासह घ्यावयाचा म्हटला तर दुकानदार आपल्यापुढे दोन प्रकार ठेवतो. एक चामड्याचे म्यान, दुसरे नायलॉनच्या पट्ट्यांचे किंवा साच्यात घडविलेल्या प्लॅस्टिकचे. यांतले कोणते घ्यावे? टिकाऊ कोणते, स्वस्त कोणते, पाते गंजणार नाही असे कोणते, एवढाच विचार करून बहुतेक लोक निवड करतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने हा विचार एवढ्यावर थांबवू नये असे आम्हांस वाटते. चामडे घ्यावे की न घ्यावे, घ्यावे तर कोणत्या जनावराचे आणि कोणाच्या श्रमाचे, हा प्रश्न याच जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जितक्या गांभीर्याने विचारला गेला, तितका देशात फार थोड्या ठिकाणी विचारला गेला असेल.

प्रथम जुन्या काळाकडे वळू. महाभारताच्या विराटपर्वात एक मोठा मार्मिक प्रसंग आहे. अज्ञातवासाच्या काळात पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर बांधून ठेवली होती. कौरवांनी विराटाच्या गाई वळविल्या तेव्हा बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाच्या सांगण्यावरून विराटपुत्र उत्तर त्या झाडावर चढतो, गाठोडे सोडतो, आणि एकेक शस्त्र पाहून 'हे कोणाचे, ते कोणाचे' असे विचारतो. तलवारींविषयी विचारताना तो त्यांच्या म्यानांचे वर्णन करतो, आणि अर्जुनही म्यानांवरूनच उत्तर देतो. व्याघ्रचर्माच्या कोषातील मोठी तलवार भीमाची. पाच नखे असलेल्या प्राण्याच्या कातड्याच्या कोषातील नकुलाची. गाईच्या कातड्याच्या कोषातील सहदेवाची. म्यान ही शस्त्राची ओळख होती, आणि म्यान म्हणजे कातडे हे गृहीतच होते. गोचर्माच्या कोषाचा उल्लेख कवीने कोणताही संकोच न करता केला आहे, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कातडे कमावणाऱ्याला वेदवाङ्मयात 'चर्मम्न' असे नाव आहे. म्हणजे हा धंदा आपल्याकडे वेदांइतका जुना आहे.

मराठ्यांच्या काळातील जी म्याने वस्तुसंग्रहालयांतून पाहावयास मिळतात, त्यांची घडण बहुधा एकाच पद्धतीची असते. आत लाकडाच्या दोन पातळ फळ्या, त्यांवर चामडे किंवा मखमल; तोंडाशी धातूची मोहनाळ आणि टोकाशी तहनाळ. गुरख्यांच्या खुकरीचे म्यानही असेच, लाकडावर कातडे चढवून केलेले. या घडणीमागे अनुभवाचे शहाणपण आहे. लाकूड पात्याला आधार देते आणि धार शिवणीपर्यंत पोहोचू देत नाही. कातडे त्या दोन फळ्यांना एकत्र आवळून धरते. सुरीसाठी नुसत्या कातड्याचे म्यान शिवावयाचे असेल तर कसबी कारागीर दोन थरांच्या मध्ये, धारेच्या बाजूस, कातड्याचीच एक अरुंद पट्टी घालतो. धार त्या पट्टीवर टेकते आणि मेण लावलेला दोरा शाबूत राहतो. कातडे ओले करून त्यात सुरी घालून ते हाताने दाबले आणि तसेच वाळू दिले, की ते त्या सुरीचा आकार घेते व पुढे तो सोडत नाही.

परंतु हा गुण सर्वच कातड्यांत नसतो, आणि निवडीचा पहिला खरा प्रश्न येथे उभा राहतो. झाडाच्या सालीने कमावलेले कातडे ताठ राहते, आकार धरते. आपल्याकडे यासाठी बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा वापरीत आले. जनावराचे कातडे आधी पाण्यात भिजवावयाचे, मग चुन्यात ठेवून त्यावरचे केस सैल करून काढावयाचे, चुना धुऊन टाकावयाचा आणि नंतर ते सालीच्या काढ्यात मुरवावयाचे. गावोगावचे ढोर हे काम पिशवीच्या पद्धतीने करीत. कातडे पिशवीसारखे शिवून ते तिकाटण्याला टांगीत, त्यात साल व पाणी भरीत, आणि झिरपलेले पाणी पुनःपुन्हा आत ओतीत. अशा कामाला आठवडेच्या आठवडे लागत. मोटेचे कातडे असे तयार होई.

क्रोम क्षारांनी कातडे कमावण्याची रीत अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली पेटंट घेऊन पुढे आणली, आणि १८९३ साली मार्टिन डेनिस याने ती आणखी सोपी केली. आठवड्यांचे काम दिवसावर आले. आज जगातील बहुतांश चामडे याच रीतीने कमावले जाते. बुटाच्या वरच्या भागाला, पिशव्यांना ते उत्तम, कारण ते मऊ असते. पण म्यानाला मऊपणा नको असतो. शिवाय त्यात राहून गेलेले क्षार दमट हवेत पोलादाला गंज आणतात. म्हणून जाणता कारागीर म्यानासाठी आजही सालीने कमावलेलेच कातडे मागतो. सालीच्या कातड्यालाही एक दोष आहेच. पूर्वी आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करीत. तुरट साल आणि लोखंड ओलसर जागी भेटली की तोच प्रकार होतो; भिजलेल्या म्यानात सुरी तशीच ठेवली तर पात्यावर काळे डाग पडतात. यास्तव सुरी कामापुरती म्यानात आणि कायमची साठवण म्यानाबाहेर, ही जुनी रीत चांगली.

आता आपण वर्ध्यास येऊ.

आपल्या जिल्ह्याच्या शेतीत चामडे सर्वत्र होते. विहिरीवरची मोट चामड्याची, जोडे चामड्याचे, आसूड चामड्याचा. चांभार हा बलुतेदार होता आणि शेतकऱ्याचे त्याच्यावाचून चालत नव्हते. आर्वी-आष्टीकडील गवळाऊ जातीची गुरे प्रसिद्ध होती आणि आहेत. गुरे जेथे असतात तेथे मेलेली गुरेही असतात. ती ओढून नेण्याचे काम गावाने काही जातींच्या माथी मारलेले होते. ते काम केल्याबद्दल कातडे आणि मांस हाच मोबदला, आणि ते काम केले म्हणूनच अस्पृश्यता, असे हे चक्र होते. जोडा सर्वांना हवा होता. जोड्याचे कातडे ज्याने सोलले व कमावले, तो कोणालाच आळीत नको होता.

गांधीजींच्या विचारात या गोष्टीला फार मोठे स्थान होते. त्यांचा स्वतःचा हात या कामात बसलेला होता. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर ते चपला करावयास शिकले. त्यांचे सहकारी हर्मन कॅलनबाख हे ट्रॅपिस्ट ख्रिस्ती साधूंच्या मठात ही कला शिकून आले होते, त्यांच्याकडून ती गांधीजींकडे आली. १९१४ साली आफ्रिका सोडताना गांधीजींनी आपला प्रतिपक्षी जनरल स्मट्स यास आपल्या हातच्या चपलांचा जोड भेट दिला, आणि स्मट्सने गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या गौरवग्रंथात १९३९ साली त्याची कृतज्ञतेने आठवण केली, हे सर्वांस ठाऊकच आहे.

वर्धा या कार्याला अनुकूल भूमी होती. जमनालाल बजाज यांनी येथील लक्ष्मीनारायणाचे मंदिर जुलै १९२८ मध्ये अस्पृश्यांना खुले केले. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींची हरिजन-यात्रा वर्ध्याहूनच सुरू झाली. १९३४च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन त्याचे ठाणे जमनालालजींनी दिलेल्या मगनवाडीत पडले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार झाले. विनोबा १९३२च्या अखेरीस वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहावयास गेले होते. त्यांच्या सहवासातील गोपाळराव वाळुंजकर यांनी नालवाडीस चर्मालय चालविले. मेलेल्या जनावराचे कातडे शास्त्रीय रीतीने काढून, कमावून, त्याच्या वस्तू करणे हा त्या चर्मालयाचा उद्देश होता.

१९३४च्या सप्टेंबरात 'हरिजन' पत्रात गांधीजींनी गावच्या कातडी कमाविण्याच्या धंद्यावर एक लेख लिहिला. त्यातला हिशोब व्यापाऱ्याच्या डोळ्यांनी केलेला आहे. दरसाल सुमारे नऊ कोटी रुपयांचे कच्चे कातडे हिंदुस्थानाबाहेर जाते आणि त्यातले पुष्कळसे पक्क्या मालाच्या रूपाने परत येऊन आपल्याच गळ्यात पडते, हे त्यांनी दाखविले. मेलेले जनावर जमिनीवरून फरफटत नेल्यामुळे कातडे खरचटते आणि त्याचे मोल उतरते, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. हाडे, शिंगे, खूर, आतडी या प्रत्येकाचा उपयोग आहे आणि तो न कळल्यामुळे गाव दरिद्री राहते, अशी त्यांची मांडणी होती. यातूनच 'अहिंसक चामडे' ही कल्पना रूढ झाली. कत्तल केलेल्या जनावराचे कातडे एका बाजूला आणि आपल्या मरणाने मेलेल्या जनावराचे कातडे दुसऱ्या बाजूला, असा भेद वर्ध्याने केला. पुढे १९४१ साली जमनालालजींच्या पुढाकाराने गोसेवा संघ उभा राहिला, तेव्हा गाईच्या दुधाइतकाच तिच्या मरणोत्तर कातड्याचाही विचार झाला. गाय म्हातारी झाल्यावरही तिला पोसणे शेतकऱ्याला परवडावयाचे असेल तर तिच्या कातड्याला, हाडांना, खताला किंमत आली पाहिजे, असे हे अर्थशास्त्र होते.

आमच्या मते याहूनही धीट पाऊल १९३७ सालचे आहे. त्या वर्षी २२ व २३ ऑक्टोबरला वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली. मुलांना ज्या हस्तोद्योगांतून शिकवावयाचे त्यांच्या यादीत सूतकताई, सुतारकाम, शेती यांच्या बरोबरीने चामड्याचे कामही होते. याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ब्राह्मणाचा, कुणब्याचा, तेल्याचा मुलगा शाळेत रापी हातात धरणार, आरीने भोक पाडणार, आणि सुरीचे म्यान शिवून गुण मिळविणार! जो धंदा जन्माने चिकटत होता तो शिक्षणाने सर्वांचा व्हावयाचा होता. प्रत्यक्षात बहुतेक शाळांनी तकली आणि चरखा घेतला. चामड्याला हात लावण्याची तयारी समाजाची नव्हती. सूत कातणे ही देशसेवा वाटली, पण रापी धरणे वाटले नाही. ही उणीव योजनेची म्हणता येणार नाही, ती आपली होती.

येथपर्यंतची हकीकत वर्ध्यात अभिमानाने सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहास सांगावयाचा तर दुसरी बाजूही तितक्याच आदराने सांगितली पाहिजे.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडण्यास आणि गावकीच्या हीन मानलेल्या कामांतून बाहेर पडण्यास सांगितले. जवळजवळ तीस वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी नागपुरात जे भाषण केले त्यात हा विषय पुन्हा निघाला. नागपूर येथून अवघे पाऊणशे किलोमीटर. त्या भाषणात त्यांनी एका जुन्या वादाची आठवण सांगितली. मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडल्यामुळे या लोकांचे शिंगे, खूर, हाडे, मांस यांचे उत्पन्न बुडते, असा हिशोब कोणी वर्तमानपत्रात मांडला होता. त्यावर बाबासाहेबांचे उत्तर असे की, एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या; तुम्ही ढोरे ओढा, वर आम्ही पदरचे बक्षीस देतो.

श्रोत्यांनी येथे क्षणभर थांबावे. शिंगे, खूर, हाडे, कातडे ही तीच यादी आहे. वर्ध्यात ती ग्रामोद्धाराची यादी होती आणि नागपुरात ती दास्याची यादी ठरली. एकाने म्हटले, काम पवित्र आहे, त्याला प्रतिष्ठा द्या. दुसऱ्याने म्हटले, ज्या कामातून आम्हांला बाहेर पडण्याची मोकळीक नाही त्या कामाला प्रतिष्ठा कसली? आधी आम्हांला ते सोडू द्या. विदर्भातील हजारो कुटुंबांनी, अनेक गावी बहिष्कार सोसून, ते काम सोडले. त्यांच्या पोटाला चिमटा बसला, पण मान ताठ झाली. या दोन भूमिकांपैकी एक खरी आणि एक खोटी असे आम्ही म्हणणार नाही. गांधीजींची भूमिका शेजारच्या सवर्ण माणसाला उद्देशून होती. त्याने हे काम हातात घ्यावे असे तिचे सांगणे होते, आणि त्याने ते ऐकले नाही. तो ऐकत नाही हे पाहिल्यावर बाबासाहेबांची भूमिका अटळच होती.

याच सुमारास जगात कातड्याला पर्याय शोधण्याचे काम वेगाने चालले होते. त्याला मुख्य गती युद्धाने दिली. बोअर युद्धात इंग्रज सैन्याचे चामडी पट्टे पावसात सैल पडले आणि उन्हात कडक झाले, म्हणून १९०८ साली त्यांनी विणलेल्या कापसाच्या जाड पट्ट्यांचा सरंजाम स्वीकारला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या सुऱ्यांना प्रथम चामड्याची म्याने होती. पॅसिफिकच्या दमट जंगलात त्यांना बुरशी लागून ती कुजू लागली. तेव्हा १९४३ साली सुती कॅनव्हासला राळ पाजून कडक केलेली म्याने आली. नायलॉन ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३५ साली तयार झाले होते. १९६५ साली रोम अँड हास कंपनीने विमानांच्या अंतर्भागासाठी कायडेक्स नावाचे प्लॅस्टिक काढले. ते तापवून मऊ केले आणि पात्यावर दाबले की हुबेहूब पात्याचा आकार घेते; पुढे सुरी करणाऱ्यांनी ते म्यानासाठी उचलले. आपल्याकडे त्याआधीच रेक्झिन घरोघर पोहोचले होते. विहिरीवरची मोट लोखंडी झाली, मग इंजिन आणि विजेचा पंप आला, आणि गावच्या कातड्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. नंतर प्लॅस्टिकच्या चपलेने जोड्याचीही जागा घेतली.

आता व्यवहाराच्या दृष्टीने या दोन द्रव्यांची तुलना करू. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो आणि पावसाळा दमट असतो. चामडे उन्हाळ्यात सुकून तडकते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. त्याला वेळोवेळी करडईचे वा करंजाचे तेल पाजावे लागते. पितळी खिळे असतील तर त्यांभोवती हिरवा कळंक चढतो. कृत्रिम द्रव्याला हे उपद्रव नाहीत. ते पाणी पीत नाही, धुता येते, सडत नाही. मासे कापणाऱ्याला, पावसात शेतावर राबणाऱ्याला किंवा जेथे स्वच्छता कसोशीने पाळावयाची तेथे ते निःसंशय सोईचे. पण त्याचेही दोष आहेत. कडक म्यानात वाळूचा कण शिरला की तो पात्यावर ओरखडे काढतो. नायलॉनच्या मऊ पट्टीतून धार आरपार जाते, म्हणून आत कडक अस्तर लागते. रेक्झिन काही उन्हाळ्यांत कडक होऊन त्याचे पापुद्रे निघतात. आणि मुख्य म्हणजे हे म्यान फाटले तर दुरुस्त होत नाही. चामड्याची शिवण उसवली तर चौकातला चर्मकार चार टाके घालून देतो. तडकलेल्या प्लॅस्टिकला कोणाचा हात लागत नाही. ते उकिरड्यावर जाते आणि तेथे पिढ्यान् पिढ्या पडून राहते.

येथे चामड्याचा कैवार घेणारे लगेच म्हणतील की मग चामडेच नैसर्गिक आणि निर्दोष. तसेही नाही. क्रोमने कमावलेल्या चामड्याचे सांडपाणी काय करते, हे तामिळनाडूत पालार नदीच्या काठी दिसून आले. १९९६ साली वेल्लोरच्या नागरिकांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाला तेथील चर्मोद्योगाच्या प्रदूषणाविरुद्ध कडक निर्णय द्यावा लागला. कृत्रिम द्रव्य वापरले की हिंसेचे पाप लागत नाही, असे मानणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो; पण प्लॅस्टिक खनिज तेलातून येते, आणि ते खाऊन गावातल्या गाई मरतात, हेही त्यांनी विसरू नये.

खरी अडचण याहून खोल आहे. कृत्रिम म्यानाने आपल्याला एका प्रश्नातून सोडविल्यासारखे वाटते: मेलेले जनावर कोणी उचलावयाचे? परंतु जनावरे मरावयाची थांबलेली नाहीत. १९९० नंतर गिधाडे झपाट्याने कमी झाली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यास कारण होते आणि २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. म्हणजे निसर्गाने नेमलेला सफाईदारही गेला. महाराष्ट्रात २०१५ साली गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली, म्हणून आपल्या मरणाने मरणाऱ्या गुरांचा प्रश्न वाढलाच. आणि जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारहाण झाली. त्यानंतर तेथील दलितांनी मेलेली जनावरे उचलण्याचे नाकारले आणि ती सरकारी कचेरीपुढे आणून टाकली. नव्वद वर्षांपूर्वी वर्ध्यात ज्याला अहिंसक चामडे म्हटले, ते काढणाऱ्याला एकविसाव्या शतकात मार खावा लागला. ज्याने ते काम सोडले त्यालाही बहिष्कार, ज्याने ते चालू ठेवले त्यालाही मार. यातून आपण काय बोध घ्यावयाचा?

आमचा निष्कर्ष असा आहे. विकत घेणाऱ्याला चामडे आणि कृत्रिम यांत निवड असते, आणि ती त्याने आपल्या कामाकडे पाहून करावी. ओल्या आणि धुवावयाच्या कामाला कृत्रिम म्यान घ्यावे. घरच्या व शेताच्या कोरड्या कामाला सालीने कमावलेल्या चामड्याचे घ्यावे, तेल पाजून सांभाळावे आणि दहा-वीस वर्षे वापरावे. तिसरा पर्यायही आपल्या दारातच आहे. आपला जिल्हा कापसाचा आहे. सैन्यांनी विणलेल्या सुती पट्ट्यांवर दोन महायुद्धे काढली, तर लाकडी फळ्यांवर जाड सुती कॅनव्हास चढविलेले म्यान आपल्या कोयत्याला का चालू नये? ज्याला कातडे नको आणि प्लॅस्टिकही नको, त्याला हा मार्ग मोकळा आहे.

परंतु विकत घेणाऱ्याची निवड तेव्हाच निर्मळ होईल, जेव्हा म्यान करणाऱ्यालाही निवड असेल. हे काम करावयाचे की नाही हे त्याच्या जातीने ठरता कामा नये. जो ते सोडील त्याला दुसऱ्या कामाचा मार्ग खुला असावा. जो ते करील त्याला हातमोजे, गाडी, पाणी, औषधपाणी, नीट दाम आणि कायद्याचे संरक्षण मिळावे. कातडे कमावणे ही एक विद्या आहे. चेन्नईस १९४८ पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, तेथे कोणत्याही जातीचे पदवीधर ती विद्या शिकतात आणि तिच्यामुळे त्यांची प्रतिष्ठा वाढते. तीच विद्या गावात एका विशिष्ट आळीत राहिली की हीन कशी ठरते? हा भेद रसायनशास्त्राने केलेला नाही, तो आपण केलेला आहे.

मगनवाडीत आज ग्रामीण औद्योगिकीकरणाची संस्था आहे. गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडलेले मगन संग्रहालयही वर्ध्यात उभे आहे, आणि ग्रामोद्योगांची साधने तेथे पाहावयास मिळतात. आपल्या मुलांना तेथे न्यावे. चर्मकाराची रापी दिसेल तेथे, संग्रहालयात असो वा रस्त्याच्या कडेला, त्यांना ती नीट पाहू द्यावी. रापी हेही एक पातेच आहे, पण तिला कोणी म्यान केलेले नाही; ती दिवसभर उघडीच राबते. दुसऱ्यांच्या पात्यांना जन्मभर म्याने शिवणाऱ्या त्या हाताचे काय झाले, हा प्रश्न मुलांनी विचारला तर त्यांना झाकून न ठेवता उत्तर द्यावे. १९३७ साली आपल्या शाळांनी जो धडा गाळला, तो निदान एवढ्या रीतीने तरी त्यांच्या वाट्यास यावा.